सातबारा ऑनलाईन झाला, पण जुना कागद जपलाय का? रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यांपासून तलाठ्याच्या डोंगलपर्यंत, आपली जमीन कागदावर कशी टिकते ते समजून घ्या

आमच्या चुलत्यांच्या सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर जमीन होती. कॉम्प्युटरचा सातबारा आला आणि ती १ हेक्टर ०२ आर झाली. दोन आकडे इकडचे तिकडे झाले एवढंच, पण १८ आर गेले. म्हणजे जवळपास १८ गुंठे, अर्ध्या एकराला थोडंच कमी. जमीन जागेवरच, बांध जागेवरच, फक्त कागदावरून गेली. आण्णांना हे कळलं कधी, तर पीक कर्जाला बँकेत उभे राहिले तेव्हा.

दुरुस्तीसाठी तलाठी कार्यालयात गेलो. तिथला हस्तलिखित सातबारा ओल लागून पुसट झालेला. २० आहे की ०२, कुणी ठामपणे सांगेना. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून वाटपाचा जुना फेरफार काढायचं ठरलं. तीन खेपा झाल्या. रजिस्टर सापडलं ते दुसऱ्याच गावाच्या गठ्ठ्यात. पान उघडलं तर आकड्याची जागा वाळवीने खाल्लेली. नशीब असं की त्या काळच्या तलाठ्याने क्षेत्र आकड्यात लिहून वर अक्षरातही लिहिलं होतं. 'एक हेक्टर वीस आर' हे चार शब्द वाळवीच्या तोंडातून वाचले आणि सात महिन्यांनी सातबारा दुरुस्त झाला.

ते चार शब्द नसते तर काय झालं असतं, हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हा लेख. सातबारा मोबाईलवर दिसतो म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

कोणता कागद कुठे असतो?

आधी हे पक्कं करून घ्या, कारण निम्म्या खेपा चुकीच्या ऑफिसात जाण्यात वाया जातात.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कुणाचा ते असतं. बारामध्ये पीक असतं. जमिनीत जो काही बदल होतो, म्हणजे खरेदी, वारस, वाटप, बोजा, तो आधी नमुना ६ मध्ये नोंदतात. त्यालाच आपण फेरफार म्हणतो. फेरफार मंजूर झाला की मग सातबारा बदलतो. खातेदाराची गावातली सगळी जमीन एका जागी दिसते तो ८-अ.

चालू कामाचे कागद तलाठ्याकडे असतात. (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) जुनी फेरफार रजिस्टरं, जुने सातबारे, पाहणी पत्रकं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या बहुतेक ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, गावानुसार गठ्ठे बांधून ठेवलेल्या असतात.

नकाशा, टिपण, फाळणी, आकारबंद, गट स्कीमचे उतारे हे मोजणी ऑफिसात, म्हणजे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. खरेदीखत आणि इंडेक्स-२ दुय्यम निबंधकाकडे. तीन ऑफिसं, तीन दप्तरं. एकाकडचा कागद हरवला तर दुसऱ्याकडच्या कागदाने तो सिद्ध करता येतो. ही सोय लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्कॅनिंग वेगळं, टायपिंग वेगळं

सगळा घोळ इथंच होतो. 'रेकॉर्ड ऑनलाईन झालं' असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली गोष्ट टायपिंग, म्हणजे डेटा एन्ट्री. हाताने लिहिलेला सातबारा समोर ठेवून कुणीतरी तो कॉम्प्युटरमध्ये भरला. आज मोबाईलवर दिसतो तो हा सातबारा. भरणाऱ्याने २० चं ०२ वाचलं तर कॉम्प्युटर ०२ च दाखवणार. त्याला चूक कळत नाही. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. एवढं भरताना चुका होणारच होत्या. त्या झाल्या म्हणून तर मधल्या काळात गावोगावी चावडी वाचन घेतलं, एडिट आणि री-एडिट अशा फेऱ्या करून हस्तलिखित सातबाऱ्याशी ताळमेळ घातला. पुष्कळ चुका निघाल्या. ज्या गावात चावडी वाचनाला कुणी आलंच नाही, तिथे काही तशाच राहिल्या.

दुसरी गोष्ट स्कॅनिंग. जुन्या कागदाचा फोटो काढून ठेवला. त्यात कुणी काही भरत नाही. वाळवीने खाल्लेलं पान खाल्लेलंच दिसेल, पण निदान आज जेवढं शिल्लक आहे तेवढं कायमचं राहील. महसूल विभागाने जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे स्कॅन करून 'आपले अभिलेख' या पोर्टलवर टाकायला काही जिल्ह्यांपासून सुरुवात केली. आपला तालुका त्यात आला का, ते पोर्टलवर जिल्हा-तालुका निवडून बघता येतं.

स्कॅन झालं म्हणजे सापडलं असंही नाही बरं का. हजारो पानांच्या ढिगात तुमचं पान कोणतं, हे सांगणारी यादी नीट बनली पाहिजे. गाव, गट नंबर, फेरफार नंबर, वर्ष यातली एक जरी नोंद चुकली तर पान असून नसल्यासारखं. आमचं रजिस्टर दुसऱ्या गावाच्या गठ्ठ्यात होतं. ते तसंच स्कॅन झालं असतं तर दुसऱ्या गावाच्या नावावर गेलं असतं, आणि मग कुणाला सापडलं असतं? म्हणून स्कॅनच्या आधी पानं मोजणं, क्रमाने लावणं, गठ्ठा तपासणं हे किचकट काम नीट व्हायला लागतं. घाईत उरकलं तर खर्च होऊनही कागद हरवतो.

रेकॉर्ड रूमचे शत्रू

कागदाचे शत्रू आपल्याला घरातच माहीत आहेत. ओल, वाळवी, उंदीर, आग आणि माणूस.

आगीचं उदाहरण फार लांबचं नाही. २१ जून २०१२ ला खुद्द मंत्रालयाला आग लागली आणि अनेक विभागांच्या फायली जळाल्या. राज्याच्या मुख्य इमारतीत हे होऊ शकतं तर तालुक्याच्या जुन्या इमारतीत, जिथे वायरी लोंबतात आणि छत पावसाळ्यात गळतं, तिथे काय?

कोणता कागद किती वर्षं ठेवायचा याचे सरकारी नियम आहेत. अ वर्गाचा कागद कायम, ब वर्गाचा ३० वर्षं, क वर्गाचा १० वर्षं, क-१ वर्गाचा ५ वर्षं आणि ड वर्गाचा १ वर्ष ठेवतात. हक्काच्या नोंदी कायम जपायच्या असतात. वर्गवारी नीट झाली तर रद्दी बाहेर जाते आणि कामाच्या कागदाला जागा, हवा, उजेड मिळतो. ती झाली नाही तर रद्दीखाली फेरफार दबतो.

जुन्या कागदाची किंमत काय असते हे २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसीलोतहसील गठ्ठे सुटले. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, कोतवाल बुक, पाहणी पत्रक, शाळेचे जनरल रजिस्टर, सगळं धुंडाळलं. कितीतरी कागद मोडीत. मोडी वाचणारे शोधावे लागले. ज्या गावाचं रजिस्टर शाबूत होतं त्यांना नोंद मिळाली. ज्यांचं फाटलं होतं ते अजून हात चोळतात. पणजोबाच्या काळात लिहिलेली एक ओळ पणतूच्या ॲडमिशनला लागते, हे तेव्हा पटलं.

आता कॉम्प्युटरची सुरक्षा

कागदाला वाळवी लागते, तशी कॉम्प्युटरलाही वेगळी वाळवी असते.

आज फेरफार कसा होतो ते बघा. खरेदीखताची नोंदणी झाली की माहिती दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून ऑनलाईन महसूलकडे येते. तलाठी फेरफार घेतो, नोटीस काढतो. हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी म्हणून चालतं. आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मगच सातबारा बदलतो. म्हणजे एका माणसाच्या हातात सगळं नाही. हे चांगलं आहे.

तलाठी आणि मंडळ अधिकारी यांना स्वतःची डिजिटल सही असते. ती पेन ड्राईव्हसारख्या डोंगलमध्ये असते. कुणी कधी काय केलं ते त्या सहीवरून कळतं. पण डोंगल आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात गेला तर ही सगळी राखण फुकट. काही ठिकाणी तलाठ्याकडे खाजगी मदतनीस असतात, लोक त्यांना 'झिरो' म्हणतात. काम जास्त, गावं जास्त, म्हणून मदतीला माणूस ठेवला जातो, हे समजू शकतो. पण कामाला माणूस ठेवणं वेगळं आणि सही त्याच्या हाती देणं वेगळं. आपण घराची किल्ली सालगड्याकडे देतो, पण तिजोरीची देतो का?

आपल्याकडूनही चूक होते. 'तुमचं तुम्हीच बघा ना भाऊ' म्हणून आधार, मोबाईल, ओटीपी सगळं दुसऱ्याच्या हवाली करून आपण चहा प्यायला जातो. ओटीपी आपणच वाचायचा, कशासाठी आलाय ते विचारायचं आणि मगच सांगायचा.

घरबसल्या या पाच गोष्टी बघा

१. सातबारा काढा आणि ओळ न् ओळ वाचा. महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त माहितीसाठी असतो. बँकेत, कोर्टात, सरकारी कामात चालणारा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. नाव, वडिलांचं नाव, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्क, सगळं जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून बघा.

२. क्षेत्राची बेरीज करा. गटातल्या सगळ्या खातेदारांचं क्षेत्र मिळून आकारबंदाएवढं आलं पाहिजे. आमच्या आण्णांच्या गटात ही बेरीज १८ आरने कमी येत होती. कुणी बेरीजच केली नव्हती.

३. महिन्यातून एकदा 'आपली चावडी' उघडा. डिजिटल सातबाराच्या साईटवर ही ऑनलाईन चावडी आहे. आपलं गाव निवडलं की कोणत्या गटावर कोणता फेरफार चालू आहे, हरकतीची मुदत कधीपर्यंत आहे ते दिसतं. कागदी नोटीस चुकू शकते, पण ही मोबाईलवर दिसते. आपल्या गटावर अनोळखी फेरफार दिसला तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

४. मयताचं नाव ठेवू नका. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर तेच, असं घरोघरी आहे. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. बुलढाण्यातून सुरू झालेली जिवंत सातबारा मोहीम २०२५ मध्ये राज्यभर गेली ती याचसाठी. ई-हक्क पोर्टलवरून वारसाचा अर्ज घरूनही करता येतो.

५. घेणाऱ्याने सातबारा तपासावा. जमीन घेताना समोरच्याने दिलेली प्रिंट खरी मानू नका. प्रिंटवरच्या क्यूआर कोडने किंवा पडताळणी क्रमांकाने साईटवर तपासा. त्याहून चांगलं म्हणजे १५ रुपये टाकून आपला उतारा आपणच काढा.

चूक सापडली तर

दोन प्रकारच्या चुका असतात आणि दोन्हींचा रस्ता वेगळा.

लिहिताना किंवा भरताना झालेली चूक, म्हणजे नाव चुकलं, आकडा फिरला, तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. सोबत जुना हस्तलिखित सातबारा, संबंधित फेरफाराची नक्कल, आजचा सातबारा आणि आकारबंद जोडा. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस देऊनच आदेश होतो.

पण फेरफारच चुकीचा मंजूर झालाय, वाटपात अन्याय झालाय, वारस वगळलाय, असं असेल तर ती लेखनाची चूक नाही. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं. अपिलाची मुदत साधारण ६० दिवस असते. १५५ च्या अर्जात वर्ष घालवलं आणि अपिलाची मुदत गेली, असं होतं. म्हणून आधी चूक कोणत्या प्रकारातली ते जाणत्याला विचारा.

आणि एक लक्षात ठेवा. कलम १५७ प्रमाणे हक्काच्या नोंदीत जे लिहिलंय ते खरं धरलं जातं, खोटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे सातबाऱ्यात ०२ असेल तर २० होते हे सिद्ध करायचं काम आपलं. आणि सिद्ध करायला लागतो तो जुना कागदच.

'कागद सापडत नाही' म्हणाले तर

तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. नकलेचा अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या, त्यात गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, अंदाजे वर्ष लिहा आणि पोच घ्या. गट स्कीमच्या आधीचा कागद हवा असेल तर जुना सर्व्हे नंबर लागतोच, नाहीतर रेकॉर्ड किपर तरी काय शोधणार?

तरी जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'अभिलेख आढळून येत नाही' असं लेखी आलं तर पहिलं अपील करा आणि तो कागद कुणाच्या ताब्यात होता, कधी गहाळ झाला ते विचारा. आपल्या राज्यात सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे. सरकारी दप्तर नियम मोडून नष्ट करणं किंवा बाहेर नेणं यासाठी त्यात ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. हे कायद्याचं नाव अर्जात आलं की शोधाशोध जरा जोरात होते, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे.

त्याचवेळी दुसऱ्या दप्तरात शोधा. फेरफार नसेल तर इंडेक्स-२ असेल. तोही नसेल तर मोजणी ऑफिसात फाळणी असेल. सोसायटीत कर्जाच्या फायलीला जोडलेला जुना उतारा असेल. घरातल्या पत्र्याच्या पेटीतही बघा.

हे लिहिताना एक गोष्ट सांगायला हवी. ज्या रेकॉर्ड किपरने आमचं रजिस्टर शोधलं, तो एकटा माणूस पूर्ण तालुक्याचे गठ्ठे सांभाळतो. नाकाला रुमाल बांधून धुळीत दोन दिवस त्याने गठ्ठे सोडले. त्याला ना पुरेशी मांडणी, ना मदतीला माणूस. राग काढायचा तर त्याच्यावर काढू नका.

ग्रामसभेत हे विचारा

आपल्या गावाचं जुनं रेकॉर्ड स्कॅन झालं का? झालं असेल तर किती रजिस्टरं आणि किती पानं, याची यादी मिळेल का? मूळ कागद आता कुठे ठेवलेत? हे तीन प्रश्न ठराव करून तहसीलला पाठवता येतात. रस्ता, पाणी, गटार हे सगळं मागतोच आपण, एकदा दप्तरही मागून बघू.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. पेटीतले जुने उतारे, फेरफार, खरेदीखतं काढा. उन्हात नको, सावलीत हवेशीर पसरा. मोबाईलवर प्रत्येक पानाचा सरळ, उजेडात फोटो घ्या. पोराला सांगून ते दोन ठिकाणी साठवा. कागद परत ठेवताना प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, ओल धरते. सुती कापडात बांधा आणि पेटी जमिनीपासून वर ठेवा.

आण्णांनी दुरुस्त झालेला सातबारा हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा क्षेत्राच्या रकान्यावर बोट ठेवलं. १ हेक्टर २० आर. मग म्हणाले, "आता याची झेरॉक्स काढून दोघा भावांच्या घरी एकेक ठेव." ऑनलाईन आहे म्हटलं तरी ऐकेनात. मी पण वाद घातला नाही. झेरॉक्स काढून आणल्या.